भागूबाईची ओटी

१८ मार्च

विमलताई,

नमस्कार लिहिला तर म्हणाल, पुन्हा मतं मागायला आली. म्हणून नुसतं नाव लिहिते.

फोन लावून पाहिला. एकदा वाजतो आणि तुटतो, म्हणजे माझा नंबर तुम्ही अजून ब्लॉकच ठेवलाय. मोठ्या भावोजींना लावला तर ते "राँग नंबर" म्हणाले. मी त्यांचा आवाज ओळखला आणि त्यांनी माझा. असो. कागद ब्लॉक करता येत नाही, म्हणून चांगोच्या टेंपोतून हे पाठवते. तो साजगावला कंपनीच्या कँटीनला भाजी टाकतो, रोज तुमच्या दारावरूनच जातो.

निवडणुकीचं उकरून काढत नाही. सरपंचपद बाईला सुटलं, दोन पॅनेलना दोन बाया हव्या होत्या आणि अख्ख्या गावात त्यांना एकाच घरातल्या दोघी जावा सापडल्या. मी निवडून आले, तुम्ही बिऱ्हाड हलवलंत. "कानामागून आली आणि तिखट झाली" असं तुम्ही कळंबच्या नाक्यावर चार बायकांत म्हणालात, तेही माझ्यापर्यंत पोचलं. तिखट तर तिखट. पण आज लिहायचं कारण वेगळं आहे.

तुमच्या आरोहीचा रुद्र पाच महिन्यांचा झाला आणि टेपाईच्या जत्रेत त्याचं जावळ काढायचं तुम्ही ठरवलंय, असं चांगोची बायको सांगत होती. ताई, यंदा नका आणू त्याला. ऊन फार आहे. वेशीवर नव्या कमानीचं काम चाललंय, सिमेंटची धूळ घराघरात येते. उद्घाटनाला मोठे पुढारी येणार म्हणजे गाड्या, गर्दी, फटाके. एवढ्याशा बाळाचे हाल कशाला? पुढच्या वर्षी काढू की. पहिलं जावळ थोरल्या घराचं, हा तुमचा मान काही पळून जात नाही.

बाकी इकडे सगळं ठीक. वर डोंगरावरच्या टेपाच्या वाडीतली काही माणसं वीटभट्टीवरून यंदा लवकर परत आलीत. चांगोच्या हातात पत्र दिलं तर म्हणाला, "वैनी, कागद वाडीकडनं तर नाय ना आला?" आणि हात शर्टाला पुसले. त्याचं मनावर घेऊ नका, तो पहिल्यापासूनच भित्रा आहे.

बाळाला आणू नका. एवढं ऐका.

हर्षला


२७ मार्च

विमलताई,

चांगो म्हणाला, पत्र तुम्ही दारातच वाचलंत आणि हसलात. "सरपंचीणबाईंना आमचा मान बघवत नाय, दुसरं काय!" असं म्हणालात म्हणे. चूक माझीच. ऊन आणि धुळीचं कारण सांगून कुणी आजीला नातवाचं जावळ पुढे ढकलायला सांगतं का? मी तुमच्या जागी असते तर मलाही त्यात राजकारणच दिसलं असतं.

तर आता खरं लिहिते. वाडीत गोवर आलाय.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं आणि देवापुढे जाऊन आले. तुम्हाला माहीत आहे, ती घरात आली की नाव घेत नाहीत. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, फोडणी बंद करायची, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. ज्याला समजायचं त्याला समजतं. मी तर चक्क नाव लिहिलं, तेही शाईनं. टेपाई माझं काय करील ते करो. मला तिची भीती वाटते, पण रुद्रची त्याहून जास्त वाटते.

भट्टीवरून आलेल्या पोरांच्या अंगात ताप होता, खोकला होता, मग पुरळ उठलं. उपकेंद्राच्या सिस्टर म्हणतात, हा हवेतून जातो. एकाला झाला की आसपासच्या न टोचलेल्या पोरांना धरतोच. लस नऊ महिने पुरे झाल्यावर असते. रुद्रला ती एवढ्यात देत नाहीत, म्हणजे त्याच्या अंगात अजून काहीच नाही. आजूबाजूची पोरं टोचलेली असली तरच तो वाचतो, नाहीतर नाही. हे त्यांनी सरळ तोंडावर सांगितलं.

ओटीचं तुम्हाला मी काय सांगायचं! जावळाच्या आधी बाळ वाडीच्या मानकरणीच्या ओटीत घालायचं. देवी टेपावरची, म्हणून आपलं लेकरू आधी तिच्या माणसांचं. मग आईनं तांदूळ घालायचे आणि लेकरू परत घ्यायचं. ते तांदूळ मानकरणीनं शिजवून घरातल्या पोरांना घालायचे. आरोही तशीच भागूबाईच्या ओटीत जाऊन आली. तुम्ही तेव्हा तांदूळ घालताना रडला होतात, आणि मी नवी नवरी, मला वाटलं खरंच पोर देऊन टाकली की काय. त्याच भागूबाईच्या घरात आज तिच्या सुनेची, हिरूची सोनी तापानं फणफणलीय. दोन वर्षांची आहे. तिच्या अंगाखालून काढलेल्या पदरात तुम्ही रुद्रला ठेवणार?

पहिल्यांदाच का नाही लिहिलं, विचाराल. तुमच्या दिरांनी बजावलं होतं. "गोवरबिवर काय लिव्हू नको. जत्रा पडली तर उद्घाटन पडंल, रिसॉर्टची बुकिंगं जातील, आणि खापर आपल्या पॅनेलवर." सरपंच मी आहे, पण घरात कुणाचं चालतं ते तुम्ही जाणता.

आणि सोनीला लस का नव्हती? तेही सांगते. गेल्या वर्षी आम्ही लसीकरण वाडीच्या समाजमंदिरातून खालच्या रिसॉर्टच्या हॉलमध्ये आणलं. पंखे, खुर्च्या, गार पाणी. पेपरात माझा फोटो आला, तो मी फ्रेम करून लावला. आशाताई शकू तेव्हाच म्हणाली होती, "हॉल झ्याक हाय, पण त्याला गेट हाय." मला वाटलं, हिला खोड काढायची सवयच आहे. तर झालं असं, की वाडीच्या बायका त्याच रिसॉर्टात भांडी घासतात, म्हणून वॉचमन त्यांना "मागल्या गेटनं या" म्हणतो, आणि पाहुणे असले की मागचं गेट बंद. हिरू सोनीला कडेवर घेऊन गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत आली. मग भट्टीवर निघून गेली. शकू तिच्यामागे खालापूरच्या भट्टीपर्यंत गेली, तोवर त्यांची टोळी दुसऱ्या भट्टीवर हललेली. ती फ्रेम मी आज भिंतीवरून काढली. तुमच्या दिरांनी विचारलं, का काढली, तर म्हटलं काच फुटली.

रुद्रला आणू नका. या वेळी हसू नका, ताई.

हर्षला


३१ मार्च

विमलताई,

काल पाडव्याची गुढी उभारली, पण कशाकडे लक्ष नव्हतं. आज ग्रामसभा होती. तुम्ही असतात तर मजा बघितली असती.

विषय दोनच. कमान पुरी करायची, आणि वेशीपासून देवळापर्यंत पेव्हर ब्लॉक टाकायचे. तुम्हाला ठाऊक आहे, सभेत खुर्चीवर मी बसते आणि माइक तुमच्या दिरांच्या हातात असतो. आज मी तो काढून घेतला. घाईत माइक दातांवर आपटला. सगळ्यांसमोर सांगितलं, वाडीत गोवर आहे. कमान थांबवा. आधी सुई वर वाडीत न्या. दर महिन्याला, वाडीतच, गेट नाही काही नाही. सिस्टरना आणि बर्फाच्या पेटीला वर न्यायला गाडी पंचायतीनं द्यायची. आणि जत्रेला भट्टीवरची झाडून सगळी माणसं घरी येतात, वर्षात तेवढेच दिवस सगळी पोरं एका जागी असतात, तेव्हा त्याच दिवशी टोचायचं.

सभेत कुणी खोकलंही नाही. खोकायची भीती वाटली असेल. मग आपले उपसरपंच किरणभाऊ उठले. "वैनी, कमान येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. सुई कुनाला दिसते?" लोक हसले. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी घरी जाऊन जेवले असते. पण मागून कुणीतरी ओरडलं, "मंग वाडीवाल्यांनाच जत्रंत येऊ देऊ नका!" आणि भराभर हात वर. माझा ठराव राहिला बाजूला आणि मी मांडलाच नव्हता तो पास झाला. संध्याकाळच्या आत वाडीच्या वाटेवर आडवा बांबू टाकलाय, आपल्याच दोघा भाच्यांना राखणीला बसवलंय.

ताई, मी नाव घेतलं ते पोरं वाचावीत म्हणून, आणि झालं भलतंच. आता वाडीवाले आजारी पोरं लपवतील. शकूला आज त्यांनी वाटेवरूनच परत पाठवलं. सिस्टरनाही घरात घेत नाहीत, एकेका दाराला डहाळा. तुमचे दीर घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "अविश्वास येनार. आला तर मी कुनाच्या पाया पडनार नाय." मग ताट सरकवून उठले.

एक बोलते, राग मानू नका. तुमचा मान मी घेणार नाही. जत्रेत तुमच्या नावाचा खण-नारळ मी स्वतः ठेवते आणि सगळ्यांसमोर सांगते, पहिलं घर थोरलं. तेवढ्यानं विश्वास बसत नसेल तर राजीनामा लिहून चांगोबरोबर पाठवते. पण रुद्रला आणू नका.

हर्षला


२ एप्रिल

ताई,

हे घाईत लिहितेय. भाजीच्या जाळ्या भरता भरता चांगो एकदम म्हणाला, "वैनी, एक सांगायचं ऱ्हायलं. तुमी रागावणार." आणि मग सांगितलं. गेल्या मंगळवारी, पंचवीस तारखेला, त्यानंच तुम्हाला, आरोहीला आणि बाळाला टेपाच्या पायथ्याशी सोडलं. तुम्ही कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीत, म्हणून तो गप्प बसला.

म्हणजे मी जत्रेला येऊ नका लिहिलं, आणि तुम्ही जत्रेआधीच येऊन ओटी करून गेलात. सरपंचीण आडवी यायच्या आत! मी माझ्या हातानं तुम्हाला त्या घरात धाडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खरं कारण पहिल्याच पत्रात लिहिलं असतं तर तुम्ही आला असतात का? नसतात आला. मला ठाऊक आहे नसतात आला.

रुद्रला ताप आहे का? नाक गळतंय का? डोळे लाल आहेत का, उजेडाकडे बघून रडतो का? दूध पितो ना? ताप आला तर अंगारा लावत बसू नका, आणि गावभर फिरवूही नका. आधी दवाखान्यात फोन करून सांगा की गोवर असलेल्या गावात जाऊन आलोय, मग न्या. मोठ्या भावोजींना म्हणावं, हे तरी राँग नंबर नाही.

बोलायचं नसेल तर बोलू नका. लिहू नका. चांगो पत्र देऊन थोडा वेळ समोरच्या टपरीवर थांबेल. बाळ बरं असेल तर उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या आणून ठेवा. तो बघून येईल आणि मला सांगेल. एवढं करा.

हर्षला


७ एप्रिल

विमलताई,

चांगो परत आला आणि म्हणाला, पत्र फटीतून आत टाकलं, दार उघडलं नाही. तांब्या नाही. त्या वेळी माझं काय झालं ते लिहून दाखवता येणार नाही.

मग मी तडक वर गेले. बांबूशी बसलेल्या भाच्यांनी "मामी, नका जाऊ" म्हटलं, तरी खालून वाकून गेले. मला तुमच्याबद्दल विचारायचं होतं, खोटं कशाला सांगू. वाडीची चौकशी करायला गेले नव्हते. पण भागूबाईच्या दाराशी पोचले आणि आतून सोनीचा श्वास ऐकू आला. कुडाच्या भिंतीबाहेर ऐकू येईल असा. भागूबाई दारात आडवी बसलेली, "ती घरात हाय, आत येऊ नको." मी म्हटलं, "भागूबाई, पोरगी मरंल." तेवढं म्हटलं आणि हिरू सोनीला घेऊन सासूच्या अंगावरून ओलांडून बाहेर आली.

कुणाची गाडी मिळेना. तुमच्या दिरांनी चावी दिली नाही. चांगोनं, त्याच भित्र्या चांगोनं, कोबीच्या जाळ्या रस्त्याकडेला उतरवल्या आणि टेंपो वळवला. मागे हिरू, भागूबाई आणि मी. आणि ताई, पोरगी समोर धापा टाकत असताना मी भागूबाईला विचारलं, "मंगळवारी विमलताई आल्या होत्या, त्यांचं बाळ घेतलंस का ओटीत?" लाज वाटत होती, पण विचारलं.

तिनं सोनीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आलती ना. मी देवळाच्या वरल्या पायरीवर, आन् ही अशीच पदराखाली, तापलेली. मी तिला पार खाली, वडाखालीच थांबवली. म्हनलं, आज माझी ओटी रिकामी नाय, वर येऊ नको. आन् पाठ केली. लई राग आला तिला. नाव घ्यायचं नसतं, मंग मी सांगू तरी काय?"

तर तुम्ही रागावून गेलात ते यासाठी. तुम्हाला वाटलं असेल, हर्षलानं भागूबाईला फितवलं आणि थोरल्या घराचा वडाखाली अपमान करवला. म्हणून दार बंद, म्हणून तांब्या नाही. ताई, तिनं तुमच्याकडे पाठ केली ती रुद्रसाठी. सिस्टरना मी विचारलं. त्या म्हणाल्या, उघड्यावर, एवढ्या अंतरावर, बहुतेक काही होणार नाही, पण जत्रेपर्यंत लक्ष ठेवा. बहुतेक म्हणाल्या. मी त्या शब्दाला धरून बसलेय.

सोनीला कर्जतहून पुढे मोठ्या दवाखान्यात हलवलं. शुक्रवारी ती गेली. न्यूमोनिया झाला होता. हिरू रडली नाही, तिनं फक्त विचारलं, "गेटातनं आत सोडलं असतं तर वाचली असती का?" मी त्या गेटाच्या हॉलची फीत कापली होती.

आज सकाळी भागूबाई खाली बांबूपर्यंत आली आणि मला बोलावलं. सिस्टर, शकू, दोघीही होत्या. वाडीत अजून पोरं तापलेली आहेत. जी बरी आहेत त्यांना आत्ताच टोचलं तर पुढचं थांबेल, पण वाडी तयार नाही. का व्हावी? आपण त्यांच्या वाटेवर बांबू टाकला. भागूबाई मोठ्यानं, राखणीच्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पिढ्यान् पिढ्या तुमची पोरं आमच्या ओटीत घातली. तुमच्या पोराला काय झालंय म्हनून आमी कवा इचारलं नाय. आता आमची पोरं तुमच्या ओटीत घ्या. तुमच्या बायांच्या ओटीत बसून सुई घेतील. नायतर नाय घेणार, मी बी सांगणार नाय."

मी म्हटलं, मी बसते. ती म्हणाली, "तू दुसरी. पयला मान थोरल्या घराचा. विमलला बोलाव."

म्हणून हे पत्र. गावातल्या बाया घाबरल्यात, एकही पुढे येत नाही. ज्यांच्या घरी तान्ही आहेत त्यांना सिस्टरनीच नको सांगितलं. तुमचंही सांगितलं मी, घरी रुद्र आहे म्हणून. त्यांनी विचारलं, त्यांना गोवर होऊन गेलाय का? तुम्हीच मला सांगितलं होतं, लहानपणी तुम्ही तिघी बहिणी एकदमच आडव्या पडला होतात. मग चालेल म्हणाल्या. ज्याला होऊन गेला तो बाधा घेऊन जात नाही. बरी असलेली पोरंच बसवायची, तीही देवळासमोर उघड्यावर, आणि घरी गेल्यावर आंघोळ करून मग बाळाला घ्यायचं.

जत्रेच्या सकाळी या. रुद्र घरी असू दे, आरोही घरी असू दे. लेकुरवाळ्या घरच्या बाईला असं म्हणू नये, लिहिताना माझी जीभ चावली जातेय, पण ताई, रिकामी ओटी घेऊन या.

तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाऊन बसेन. तरी कुणी पोर घालणार नाही, हे मला माहीत आहे. तरी बसेन.

हर्षला


१४ एप्रिल

विमलताई,

परवा तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, म्हणून इथे बोलते.

चांगोचा टेंपो दिसला तेव्हा मला वाटलं, आत भाजीच असणार. तुम्ही उतरलात. कडेवर कुणी नाही, मागे कुणी नाही. मी पुढे होऊन "रुद्र?" एवढंच विचारलं. "बरा हाय," म्हणालात आणि माझ्याकडे न बघता चालू लागलात. मी तिथेच खाली बसले. तुम्ही मागे बघितलं नाहीत म्हणून तुम्हाला कळलं नसेल.

बांबूशी किरणभाऊ स्वतः उभे होते. तुम्ही वाकलाही नाहीत. बांबू दोन हातांनी उचलून शेतात फेकलात आणि म्हणालात, "थोरल्या घराच्या बाईनं वाकून जायचं का रं?" तुमच्या पॅनेलच्या बाया हे बघत होत्या, त्या तुमच्या मागोमाग निघाल्या. त्या निघाल्यावर आमच्या पॅनेलच्या मागे कशा राहतील? मी ग्रामसभेत माइक हिसकावून जे झालं नाही, ते जावाजावांच्या चुरशीनं झालं.

वडाखाली तुम्ही मांडी घालून बसलात आणि पदर पसरलात. किती वेळ कुणीच येईना. वाडीच्या बाया पोरांना घट्ट धरून उभ्या. मला वाटलं, संपलं. मग हिरू आली. कडेवर सोनीचा धाकटा, दहा महिन्यांचा भाऊ. आठच दिवस झाले होते हो, ताई. तिनं तो तुमच्या ओटीत ठेवला आणि हात पटकन मागे घेतले, पुन्हा उचलून घेईन या भीतीनं असेल. सिस्टरनी टोचलं, पोरगं किंचाळलं. तुम्ही तळहात त्याच्या टाळूवर दाबून धरलात. माझ्या बाळंतपणात माझ्या डोक्यावर असाच धरला होतात. मी मागे उभी राहून रडले. तुम्हाला दिसू दिलं नाही.

त्यानंतर रांग लागली. माझ्या ओटीत किती आले, मोजले नाहीत. एकानं माझ्या नव्या साडीवर मुतून ठेवलं आणि भागूबाई सोनी गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

जाताना तुम्ही सिस्टरना जे बोललात, ते किरणभाऊंना ऐकवायलाच बोललात ना? "नववा सरला की रुद्रला हितंच आणते. त्याची सुई वाडीतच द्यायची. त्या गेटात माझा नातू जायचा नाय." थोरल्या घराचा नातू जिथे टोचून घेणार, तिथून लसीकरण हलवायची कुणाची छाती आहे? शकू म्हणाली, ठराव झाला नाही तरी झाल्यासारखाच आहे.

पण तो अजून कागदावर नाही. कमान अर्धीच उभी आहे, पुढारी आले नाहीत, आणि त्याचा राग माझ्यावर निघतोय. अविश्वासाच्या अर्जावर सह्या चालल्यात. तुमचे दीर समोर बसून जेवतात आणि बोलत नाहीत. वाडीतली दोन पोरं अजून दवाखान्यात आहेत. टोचलेल्यांपैकी कुणाच्या अंगात आधीच शिरला असेल तर, असा विचार येतो आणि मी उठून बसते. माझी भीती गेलेली नाही, ताई. रुद्रला नववा सरेपर्यंत ती जाणारही नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आज चांगोनं एक स्टीलचा डबा आणून दिला. "साजगावच्या वैनींनी दिलाय." चिठ्ठी नाही, निरोप नाही. उघडला तर भात. लाल, जाडा, वरच्या रानातला. हिरूनं पोर परत घेताना तुमच्या पदरात तांदूळ घातले होते, त्याचाच. मला वाटलं होतं, घरी बाळ आहे म्हणून तुम्ही ते वाटेतच कुठेतरी पाखरांना घालाल. घातले असते तरी मी काही म्हटलं नसतं. तुम्ही ते घरी नेलेत, शिजवलेत, आणि त्यातला वाटा मला धाडलात.

मी ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ला. मीठ कमी होतं. तुमच्या हातचं कायमच कमी असतं.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत धाडू नये, हे या घरात आल्यावर मला तुम्हीच शिकवलंत. आज घरात गोडाधोडाचं काहीच केलेलं नाही. म्हणून डबा धुऊन, पुसून, त्यात हे पत्र घालून पाठवते.

तुमची
हर्षला